पाद्रीबुवांच्या विटा

भिलाईच्या एका वाचकांचा प्रश्न आलाय. छत्तीसगडातल्याच मैनपाटला, विजेच्या तारा पोचत नाहीत अशा जागी ते दोन खोल्यांचं घर बांधताहेत. हिवाळ्यात तिथे गवतावरचं दंव गोठतं. सोलर पॅनेल आणि बॅटरीवर रात्रभर हीटर चालेल का? विकणारा म्हणतो, आरामात चालेल.

चालेल की, तासभर! १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट वीज मावते. शिशाची बॅटरी रोज निम्म्याहून जास्त उपसली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे हाती आलं ०.९ युनिट, आणि एक किलोवॅटचा हीटर ते तासाभरातच फस्त करतो. रात्र तेरा तासांची. दिवे, पंखा, मोबाइल यांच्यासाठी सौर वीज उत्तमच, पण ऊब विजेच्या रूपात साठवणं हा खिसा रिकामा करायचा हमखास मार्ग आहे.

ऊब साठवावी विटेत. हे भिलाईकरांना मी सांगावं हा तसा आगाऊपणाच. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिथल्या पोलाद कारखान्यातली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, तेव्हापासून गावात हेच चाललंय. फर्नेसच्या शेजारी घुमटाच्या डोक्याचे उंच मनोरे असतात, त्यांना तिथे स्टोव्ह म्हणतात. आत भोकाभोकांच्या विटांचे थरावर थर. फर्नेसमधून निघालेला वायू आधी स्टोव्हमध्ये जाळायचा आणि त्या ज्वाळांची धग विटांना पाजायची. मग वायू बंद करून उलट्या दिशेने थंड हवा सोडायची. ती विटांमधून जाताना हजार अंशांच्या घरात तापते आणि फर्नेसमध्ये शिरते. एक स्टोव्ह तापत असतो तेव्हा दुसरा हवा तापवत असतो. थोड्या वेळाने पाळी बदलते.

पुस्तकात याला ‘काउपर स्टोव्ह’ म्हणतात, कारण एडवर्ड काउपरने १८५७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. फर्नेसमध्ये गरम हवा फुंकायची कल्पना त्याआधीची, ग्लासगोच्या जेम्स नीलसनची, १८२८ मधली. तिने टनभर लोखंडामागे लागणारा कोळसा आठ टनांवरून पाचांच्या आसपास आणला होता. पण नीलसन लोखंडी नळ्यांतून हवा तापवायचा, आणि फार तापवावं तर नळ्याच दगा द्यायच्या. विटांची युक्ती काउपरला मिळाली ती सीमेन्स बंधूंच्या भट्टीवरून. आणि त्यांच्याही चाळीस वर्षं आधी ती पेटंटात लिहून ठेवली होती एका स्कॉटिश पाद्र्याने.

रॉबर्ट स्टर्लिंग. १८१६, वय पंचवीस. त्याच वर्षी धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी पेटंटही (प्रवचनं कधी तयार करायचा कोण जाणे). आज त्याचं नाव इंजिनाला चिकटलंय, पण त्या पेटंटाचा गाभा होता ‘इकॉनॉमायझर’. गरम हवा एका दिशेने जाताना आपली उष्णता वाटेतल्या भरावात ठेवते, परत येणारी थंड हवा ती घेऊन जाते. देवळाबाहेरच्या चपलांच्या स्टँडसारखं: आत जाताना ठेवा, परतताना उचला. परतीचा प्रवाह उलटा असण्यातच खुबी आहे. हवेला सगळ्यात तापलेली वीट सगळ्यात शेवटी भेटते, त्यामुळे ती जवळपास त्या विटेइतकीच तापून बाहेर पडते.

१८४३ मध्ये स्कॉटलंडातल्या डंडीच्या ओतशाळेत त्याचं इंजिन कारखाना चालवायला लागलं, पण त्या काळच्या लोखंडाची तप्त नळकांडी तग धरेनात. चार वर्षांत तिथे पुन्हा वाफ आली. त्याला हवं होतं चांगलं, स्वस्त पोलाद. ते पुढे सीमेन्सच्या ओपन हार्थ भट्टीतून निघालं, ज्या भट्टीचा जीव होता स्टर्लिंगचाच भराव! भिलाईतही सुरुवातीचं पोलाद ओपन हार्थमध्येच बनलं. आमच्या अभियांत्रिकीच्या पुस्तकांत मात्र काउपर आणि सीमेन्स ठळक अक्षरांत, आणि पाद्रीबुवा इंजिनाच्या धड्यापुरते.

असो. मैनपाटला या. रशियातल्या शेतकऱ्याची पेचका, म्हणजे विटांची भलीमोठी चूल, याच जातीची. भिलाई उभारायला आलेल्या सोव्हिएत इंजिनिअरांना ती घरचीच. संध्याकाळी तासभर भरपूर हवा देऊन तिच्यात जोरदार जाळ करायचा. धूर विटांच्या वळणावळणाच्या बोगद्यातून फिरत, ऊब देत, चिमणीला पोचतो. रात्रभर ओंडका धुमसत ठेवणं हा उलटा उद्योग, कारण धूर म्हणजे न जळलेलं सरपणच. हिशेब बघा: एक टन वीट ५० अंशांनी निवताना ४२ मेगाज्यूल, म्हणजे साडेअकरा युनिट देते. चार किलो वाळल्या लाकडातली सत्तर टक्के ऊब विटेत उतरली तरी तेवढी होते. वरच्या हिशेबाने हे काम करायला तेरा बॅटऱ्या लागतील.

अर्थात घर गळकं असेल तर पेचका काय करणार? टिनाच्या छपराखाली आधी फळ्यांचं किंवा बांबूचं छत घाला. मैनपाट कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. डिसेंबरात भर दुपारचा सूर्य तिथे क्षितिजापासून ४४ अंशांवर, जूनमध्ये थेट डोक्यावर. दक्षिणेला मोठी खिडकी आणि वर हातभर पुढे आलेला छज्जा एवढं केलं की थंडीत ऊन घरात येतं, उन्हाळ्यात दारातच अडतं.

छत्तीसगडात खेडोपाडी शेकायला गोरसी असते, मातीची, शेणीच्या निखाऱ्यांची. अंगणात ती झकास. खोलीत ठेवून दार लावून झोपणं म्हणजे मरण: निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. ब्लास्ट फर्नेसच्या वायूतही तोच असतो. १२ जून २०१४ ला भिलाईच्या कारखान्याच्या पंपहाउसमध्ये त्याने सहा जणांचा जीव घेतला, त्यांत अनुभवी अधिकारीही होते. म्हणून पेचकेच्या चिमणीची झडप शेवटचा निखारा विझल्याखेरीज बंद करू नका, आणि झडपेलाच एक लहान भोक ठेवा.

बांधायला मिस्त्री भिलाईतच शोधा. भट्ट्यांच्या विटा लावलेली माणसं तिथे गल्लोगल्ली आहेत. जाळाच्या बाजूला फायरब्रिक, बाहेर साधी लाल वीट, पण दोन्ही एकमेकींना चिकटवायच्या नाहीत. आतली वीट जास्त फुगते आणि बाहेरचीला तडा देते. मधे पुठ्ठा घालून बांधा. पहिल्या काही जाळांत तो जळून जातो आणि फुगायला हवी तेवढी फट राहते.