बियाला ठेवायची भेंडी

बोरीहून परभणीला निघालं की वाटेत झरी लागते आणि पुढे कृषी विद्यापीठाचं शहर. त्या विद्यापीठात तयार झालेला भेंडीचा एक वाण गेली जवळपास चाळीस वर्षं आपल्या जिल्ह्याचं नाव घेऊन दूरदूरच्या बियाणे दुकानांत पोचला आहे: परभणी क्रांती. जुने वाण जपण्याचं कौतुक टमाट्याच्या बाबतीत जगभर होतं. फिलाडेल्फियाच्या जॉन्सन अँड स्टोक्स या व्यापाऱ्यांनी १८८९ मध्ये विकायला काढलेला ब्रँडीवाईन टमाटा तिकडचे हौशी लोक आजही लावतात. आपल्या भेंडीच्या वाट्यालाही असं कौतुक यावं, असं मला मनापासून वाटतं.

भेंडी लावणारा कास्तकार हळद्याला फार भितो. आधी पानाच्या शिरा पिवळ्या होतात, त्यांचं जाळं उठून दिसतं, मग सगळं पानच पिवळं पडतं. फळं धरलीच तर फिकट, खुजी आणि चिवट. बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही. रोग विषाणूचा, पसरवते पांढरी माशी. एकदा लागलेलं झाड कुठल्याच फवारणीनं बरं होत नाही. मुंबई इलाख्यातून या रोगाची नोंद १९२४ मध्येच झाली होती.

त्यावर पहिला मोठा उतारा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतून आला. हरभजन सिंग यांचा ‘पुसा सावनी’ हा वाण साठच्या दशकात देशभर गेला. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाल्यांनी याच भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली आणि १९६४ मध्ये महिको उभी राहिली. पण पुढे पुसा सावनीही पिवळी पडू लागली.

मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं १८ मे १९७२ रोजी. तिथं एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी रोगाला दाद न देणारा भेंडीचा एक रानटी नातलग, ॲबेलमॉस्कस मॅनिहॉट, हाताशी धरला. तो आणि पुसा सावनी यांचा संकर सोपा नव्हता. दोन जाती वेगळ्या, त्यामुळे पहिल्या पिढीत वांझपण बरंच. मग पुसा सावनीशीच पुन्हा संकर करायचा, आलेल्या झाडांतून निरोगी तेवढी निवडायची आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच करत राहायचं. फळ आपल्या सवयीचं, अंगातली ताकद रानातली, असं झाड शेवटी हाती आलं. प्रतिकार एकाच प्रभावी जनुकातून येतो, हेही त्यांनी दाखवून दिलं. ही चिकाटी मला वाणाइतकीच मोलाची वाटते.

क्रांती हा सरळ वाण आहे, संकरित नाही. म्हणजे बी घरी धरता येतं. त्यासाठी वावरातली चांगली, निरोगी झाडं आधीच हेरून त्यांना चिंधी बांधावी आणि त्यांची फळं तोडू नयेत. फळ झाडावरच वाळतं, तपकिरी होतं, धारांवर उकलू लागतं. तेव्हा बाही खाली ओढून हात घालावा, नाहीतर लव टोचून खाज सुटते. आत गोल, राखाडी-हिरवट दाणे ओळीनं बसलेले असतात. सावलीत वाळवून, राख चोळून डब्यात भरावेत. मात्र भेंडीच्या पिवळ्या फुलावर मधमाश्या येतात आणि शेजारच्या वाणाचा पराग आणतात. म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत २०० मीटर, तर पायाभूत बियाण्यासाठी ४०० मीटर अंतर लागतं.

असं बी धरण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा आणि विकण्याचाही हक्क २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला दिला आहे; फक्त संरक्षित वाणाचं बी त्याला छापील पाकिटात, ब्रँड म्हणून विकता येत नाही. संकरित बियाण्याचं उत्पन्न जास्त येतं, हे खरंच आहे. पण त्याचं धरलेलं बी पुढच्या वर्षी एकसारखं निघत नाही, म्हणून पाकीट दरवर्षी नवं आणावं लागतं.

क्रांतीचा प्रतिकारही आता पहिल्यासारखा राहिलेला नाही. विषाणू बदलत जातो. त्यामुळे घरच्या बियाण्यात पिवळी झाडं दिसली की दयामाया न करता उपटून काढावीत, आणि काही वर्षांनी मूळ ठिकाणचं ताजं बी मिळवावं. विद्यापीठाचा वर्धापनदिन मे महिन्यात, मिरगाच्या तोंडावर येतो. तेव्हाच्या शेतकरी मेळाव्यात सोयाबीन-तुरीसाठी रांग लागते. त्या रांगेत उभं राहून एकदा भेंडीच्या बियाचीही चौकशी करावी.