विनोदाचे वार्धक्य : ‘यू. एस. ए.’ या कोटीचे एक उदाहरण

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही स्थानके ओळीने येतात. यांपैकी पहिल्या गावाविषयीचा एक विनोद मराठी व हिंदी भाषकांत कित्येक दशके प्रचलित आहे. वस्तूवर ‘मेड इन यू. एस. ए.’ अशी अक्षरे दिसली, तर ती अमेरिकेची नसून ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ची समजावी, असा त्याचा आशय. अशी संस्था असावीच लागते असे नाही. आद्याक्षरे जुळली की कोटीचे काम भागते. विनोद जुना कसा होतो, हे पाहण्यास हे उदाहरण सोयीचे आहे. त्यातील शब्द होते तसेच राहिले आहेत आणि तरीही तरुण श्रोत्यास तो आता समजावून द्यावा लागतो.

या विनोदात दोन गृहीते अध्याहृत आहेत. पहिले दुर्मिळतेचे. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्यापासून पुढे अनेक वर्षे परदेशी उपभोग्य वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. अमेरिकन वस्तू घरात असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई, आणि ती मिळण्याचा मार्ग म्हणजे परदेशाहून येणारा आप्त, नाही तर चोरटा व्यापार. फसले जाण्याची धास्ती खरी होती, म्हणून हसूही खरे होते. १९९१ नंतर निर्बंध सैल होत गेले व १ एप्रिल २००१ पासून उरलेल्या ७१५ वस्तूंवरील संख्यात्मक निर्बंधही उठले. (यासंबंधीची तक्रार जागतिक व्यापार संघटनेपुढे अमेरिकेनेच नेली होती, तेव्हा या विनोदाचा आधार खऱ्या यू. एस. ए.नेच काढून घेतला, असे म्हणावयास हरकत नाही.) ज्याला अस्सल वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, त्याला नकलेची गंमत ती काय वाटणार?

दुसरे गृहीत माणसांविषयीचे आहे, आणि ते इतक्या सहजी नाहीसे झालेले नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांची सोय कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी छावणीत करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. तथापि तेथील पत्त्यांत ‘कॅम्प नंबर’ अद्याप टिकून आहे. घरदार मागे टाकून आलेल्या या लोकांनी उभारलेल्या उद्योगाला ‘नक्कल’ एवढा एकच शब्द लावून हा विनोद मोकळा होतो. शेजारच्या अंबरनाथला स्वीडिश भांडवलाच्या विमको कंपनीच्या आगपेट्या तयार होत असत; त्यांच्यावरून अशी कोटी रूढ झाली नाही. हसू मालाला नव्हते, माल करणाऱ्याला होते. दुर्मिळतेचा आधार गळून पडल्यावर ही गोष्ट उघडी पडली.

असाच अनुभव ‘द सिम्पसन्स’ या डिसेंबर १९८९ पासून चालू असलेल्या अमेरिकन व्यंगचित्रमालिकेला आला. तीतील अपू हा दुकानदारही स्थलांतरितच. त्याच्या भारतीय उच्चारांवर प्रेक्षक हसत. तो आवाज मात्र हँक अझारिया या अमेरिकन नटाचा होता. पुढे ज्यांना शाळेत ‘अपू’ म्हणून चिडविले गेले, ती भारतीयांची मुले मोठी झाली. हरी कोंडाबोलू यांच्या २०१७ च्या अनुबोधपटाने ही तक्रार जाहीरपणे मांडली, आणि २०२० मध्ये अझारिया यांनी ती भूमिका सोडली. जुने भाग मात्र जसेच्या तसे पाहावयास मिळतात. चित्रित विनोदाला आपले वय लपविता येत नाही.

मौखिक विनोदाचे तसे नाही. सांगणारा बदलला की त्याचा रोख बदलतो. सिंधी कुटुंबांत हीच कोटी ‘आम्ही काय वाटेल ते बनवू शकतो’ अशा अभिमानाने सांगितली जाताना आढळते. बदलापूरच्या नावातून ‘बदला’ म्हणजे सूड काढणारी कोटी तर केवळ भाषेवर उभी असल्याने तिला परिस्थितीची झळ फारशी लागली नाही. २०१५ च्या त्याच नावाच्या हिंदी चित्रपटाने तिला उलट नवे आयुष्य दिले.

‘यू. एस. ए.’ची जागा आता बाजारात ‘चायना माल’ या शब्दाने घेतली आहे. त्यात हिणविणे तेवढे जुने आहे. आद्याक्षरांची करामत मात्र त्यात नाही.