शिकलेले लक्षात कसे राहते?

"सर, वाचताना सगळे कळते, पण पेपर हातात आला की काहीच आठवत नाही." आमच्या आजवरच्या अध्यापनकाळात ही तक्रार आम्ही जितक्या वेळा ऐकली, तितकी दुसरी कोणतीही ऐकली नसेल. तक्रार करणारा विद्यार्थी आळशी नसतो. पहाटेच्या वंदनेनंतर आणि रात्रीच्या अभ्यासिकेत तो पुस्तक घेऊन बसलेला आम्ही स्वतः पाहिलेला असतो. तरीही दोन चाचण्यांत गुण कमी पडले की तो हळूहळू एका निष्कर्षाला येतो : "माझ्या डोक्यात राहतच नाही."

हा निष्कर्ष आम्हांस परिचित आहे. आम्ही सातवीत असताना कविता म्हणता म्हणता मध्येच अडलो, तेव्हा एका शिक्षकांनी भर वर्गात सांगितले होते की पाठांतर तुम्हा लोकांच्या रक्तातच नाही. त्या वयात आम्हांला उत्तर सुचले नाही. उलट पुढे दोन-तीन वर्षे ते आम्हांला खरेच वाटत राहिले. अपमान विसरता येतो. परंतु अपमानावर बसलेला विश्वास माणसाचा अभ्यास बंद पाडतो. म्हणूनच या स्मरणिकेत, जिच्या नावातच स्मरण आहे, आम्ही हा प्रश्न शास्त्राच्या आणि इतिहासाच्या आधारे मांडू इच्छितो : शिकलेले लक्षात कसे राहते, आणि ते जन्मावर अवलंबून असते काय?

ग्रहण : अर्थाची साखळी

स्मृतीच्या कार्यात तीन टप्पे मानले जातात : ग्रहण, साठवण आणि आठवण. ज्याकडे अवधान नाही त्याचे ग्रहण होत नाही, आणि ज्याचे ग्रहण नाही त्याची आठवण होणार नाही, हे उघड आहे. परंतु अवधान असूनही अडचण राहते, कारण मन एका वेळी फार थोड्या गोष्टी पेलू शकते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली ही मर्यादा साधारण सात घटकांची सांगितली. नंतरच्या संशोधकांनी ती चारच्या आसपास आणली.

मग पाच पानांचा धडा या लहानशा ओंजळीत मावणार कसा? उत्तर असे की सुटे घटक जोडून त्यांचा एक घटक करता येतो. इतिहासाचेच उदाहरण घेऊ. १९२३, १९२४, १९२७ आणि १९३७ ही चार सुटी साले पाठ करणे कष्टाचे आहे. पण कारण आणि परिणाम जोडून पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये संमत झाला. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला; पण तो कागदावरच राहिला. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. विरोधक न्यायालयात गेले आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. आता ही चार साले उरली नाहीत, एक हकिकत झाली. एक कडी हाती आली की पुढची आपोआप येते. समजून घेणे आणि लक्षात ठेवणे ही दोन वेगळी कामे नव्हेत. पहिले नीट झाले तर दुसऱ्याचे अर्धे काम होऊन जाते.

साठवण : मेंदूत काय घडते?

स्मृती मेंदूत कोठे व कशी साठते, याविषयी विज्ञानाला एका दुर्दैवी रुग्णाकडून बरेच काही कळले. हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणावर १९५३ साली अपस्माराच्या उपचारासाठी शस्त्रक्रिया झाली. तीत मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस हा भाग बव्हंशी काढला गेला. त्यानंतर त्याला बालपणीचे आठवत असे, तो बोलत असे, विचार करीत असे. परंतु नवे काही लक्षात राहत नसे. काही मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस त्याला पुन्हा अनोळखी होई. मात्र मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात पाहून तारा गिरविण्याचे काम दिले, तेव्हा दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. आदल्या दिवशी आपण हे केले होते, हे मात्र त्याला आठवत नसे.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. घटना व माहिती यांची स्मृती आणि हाताच्या कौशल्याची स्मृती या वेगवेगळ्या आहेत. दुसरे असे की नवी माहिती पक्की होण्यासाठी हिप्पोकॅम्पस आवश्यक आहे. पण पक्की झालेली जुनी स्मृती केवळ तेथेच राहत नाही.

पक्के होणे म्हणजे काय, हे एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीवरील प्रयोगांतून दाखविले. त्यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अल्पकाळ टिकणाऱ्या स्मृतीत चेतापेशींमधील असलेला जोड काही काळ सबळ वा दुर्बल होतो; दीर्घकाळ टिकणाऱ्या स्मृतीसाठी नवी प्रथिने तयार व्हावी लागतात आणि जोडांची रचनाच बदलते. ही बांधकामाची क्रिया आहे आणि बांधकामाला वेळ लागतो. निरुपद्रवी स्पर्शाकडे दुर्लक्ष करावयास गोगलगाय शिकते. पण एकाच बैठकीत चाळीस स्पर्श दिले तर ती ते लवकर विसरते, आणि तेच चाळीस चार दिवसांत दहा-दहा असे विभागले तर तो परिणाम कितीतरी अधिक टिकतो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास का टिकत नाही, याचे उत्तर येथे आहे. शिवाय पक्के होण्याच्या या कामात झोपेचाही मोठा वाटा असतो. अभ्यासासाठी झोप मोडणे म्हणजे भिंतीला पाणी मारण्याची वेळ आली असता गवंड्याला घरी पाठविणे होय.

आठवण : विसरणे हा दोष नव्हे

जर्मन संशोधक हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून आपल्या विस्मरणाचे मोजमाप केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. तेच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे त्यांचे माप होते. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचले, एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के आणि महिन्यानंतर सुमारे २१ टक्के. म्हणजे सर्वांत मोठी गळती पहिल्याच दिवशी होते. पुढे तिचा वेग मंदावतो. विद्यार्थ्यांनी हे नीट ध्यानी घ्यावे : एबिंगहाउस मंदबुद्धी नव्हते, विद्वान होते. तरीही ते विसरले.

मग गळती थांबवायची कशी? बहुतेक विद्यार्थी धडा पुन्हा वाचतात. अमेरिकेत रोडिगर व कार्पिक यांनी २००६ साली याचीच परीक्षा पाहिली. विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला. दुसरा उतारा समोर नसताना त्यातले जेवढे आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा पुढे होता : ८१ टक्के विरुद्ध ७५. परंतु आठवड्यानंतर चित्र उलटले. पुन्हा वाचलेल्यापैकी ४२ टक्के लक्षात राहिले, आठवून लिहिलेल्यापैकी ५६ टक्के. पुन्हा वाचल्याने धडा ओळखीचा होतो, आणि ओळखीच्या वाटणाऱ्या गोष्टीला आपण आलेली गोष्ट समजतो. परीक्षेत मात्र ओळखायचे नसते, पुस्तक नसताना आणायचे असते. ज्या कामाची परीक्षा आहे, त्याच कामाचा सराव हवा. आमच्या प्रारंभीच्या विद्यार्थ्याच्या तक्रारीचे मूळ त्याच्या बुद्धीत नसून त्याच्या पद्धतीत आहे.

संघाची रीत

हे सर्व पाश्चात्त्यांनीच शोधले असे मानण्याचे कारण नाही. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पहिली संगीती भरली. परंपरेनुसार महाकस्सप प्रश्न विचारीत आणि उपाली विनय व आनंद धम्म स्मरणातून सांगत. पुढे काही शतके हे विशाल वाङ्मय भाणकांनी मुखाने जपले. श्रीलंकेत राजा वट्टगामणीच्या काळी, इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, ते लिहिले गेले. हे साधले कसे? चार आर्यसत्ये, पंचशील, अष्टांगिक मार्ग अशी संख्येने बांधलेली मांडणी, ठरावीक वाक्यांची पुनरुक्ती, आणि सामूहिक पठण. एकाची चूक दहा जणांच्या कानांनी पकडली जाई.

'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात राजा मिलिंद भदन्त नागसेनांना विचारतो की स्मृती किती प्रकारे उत्पन्न होते. नागसेन तिचे पाठभेदानुसार सोळा वा सतरा प्रकार सांगतात : सारखी वस्तू पाहून, भिन्न वस्तू पाहून, खूण पाहून, कोणी आठवण करून दिल्याने, गणनेने, पाठ केल्याने, ग्रंथ पाहून, अनुभवाने. आठवणीला धागा लागतो आणि धागे जितके अधिक तितकी आठवण सुलभ, हेच यातून दिसते. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या आपल्या महाविद्यालयाला या प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव दिले, हे आपण विसरू नये.

आपल्या विद्यालयात याचा पुरावा रोज मिळतो. जून महिन्यात पाचवीत आलेले मूल दिवाळीपर्यंत त्रिशरण-पंचशील अस्खलित म्हणू लागते. भाषा पाली, घरी न बोलली जाणारी. तरी ते येते. कारण ते रोज, पुस्तकाविना, सर्वांबरोबर आठवले जाते. मात्र त्याच मुलाला "तिसरे शील कोणते?" असे विचारा, ते मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणू लागते. त्याच्या हाती क्रमाचा एकच धागा असतो. प्रत्येक शिलाचा अर्थ समजावून दिला, त्याचे जीवनातील उदाहरण दिले, की धागे वाढतात. पाठांतर वाईट नाही. अर्थावाचून केलेले पाठांतर अपुरे आहे.

जन्म की सराव?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९८० साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील एरिकसन, चेस व फॅलून यांनी सामान्य स्मरणशक्तीच्या एका विद्यार्थ्यावरील अभ्यास प्रसिद्ध केला. प्रारंभी तो एकदा ऐकलेले सुमारे सात अंक सांगू शके. दीड वर्षाहून अधिक काळ, सुमारे २३० तासांच्या सरावानंतर तो ७९ अंक सांगू लागला. तो धावपटू होता. अंकांचे गट तो शर्यतीच्या वेळा म्हणून लक्षात ठेवी. त्याच्या मेंदूची मूळ क्षमता बदलली होती काय? नाही. अंकांऐवजी अक्षरे दिली की तो पुन्हा सहावर येई. बदलली होती ती रीत.

व्यक्तीव्यक्तीत थोडाफार फरक असतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तो फरक जातीच्या रेषेवरून जातो, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. ज्या व्यवस्थेने ज्ञान ऐकण्याचा व पाठ करण्याचा अधिकारच जन्माने ठरविला, तिने शतकानुशतके ज्यांना सराव करू दिला नाही, त्यांनाच नंतर स्मरणशक्ती नाही असे म्हटले. संघाने ते दार उघडले तेव्हा काय झाले? पहिल्या संगीतीत संपूर्ण विनय सांगणारे भदन्त उपाली हे पूर्वाश्रमीचे शाक्यांचे नापित होते. सातवीतल्या त्या दिवशी आम्हांला न सुचलेले उत्तर हे आहे.

एक सावधगिरी

स्मृती ही पेटी नव्हे की ठेवले तसेच परत निघावे. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा इंग्रज वाचकांनी पुन्हा सांगताना आपल्या ओळखीच्या जगाप्रमाणे बदलली; सील प्राण्यांची शिकार साधी मासेमारी झाली. आठवताना आपण दर वेळी थोडी पुनर्रचना करतो. म्हणून विद्यार्थ्याने आठवून लिहिलेले पुस्तकाशी ताडून पाहावे, अन्यथा चूकच पक्की होते. आणि याच स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांच्या ज्या आठवणी आल्या आहेत, त्या जपताना जुनी हजेरीपत्रके, छायाचित्रे व पत्रेही जपावीत. समाजाची स्मृती केवळ मनात ठेवून चालत नाही.

अभ्यासिकेसाठी

विद्यार्थी मित्रांनो, आमचे सांगणे थोडके आहे. धडा समजून एकदा नीट वाचा आणि पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. न आठवलेले पुस्तकात पाहून दुरुस्त करा. हेच दुसऱ्या दिवशी, तीन-चार दिवसांनी आणि आठवड्यानंतर पुन्हा करा. शेजारच्या मित्राला धडा समजावून सांगा. वेळेवर झोपा. आठवताना अडलात, डोके शिणले, तर निराश होऊ नका. त्या श्रमातच स्मृती घडत असते.

आणि पुन्हा कधी कोणी तुम्हांला म्हणाले की हे तुमच्या रक्तात नाही, तर त्यांना नम्रपणे सांगा की स्मृती रक्तात नसतेच. ती अभ्यासात असते.

जयभीम! नमो बुद्धाय!