लाल उजेडात हळद आणि कुंकू सारखंच का दिसतं? खिशातल्या रंगीत टॉर्चने फोटो काढण्याचं साधं गणित

इन्स्टाग्राम उघडलं की हल्ली एक फोटो हमखास दिसतो. अर्धा चेहरा निळा, अर्धा गुलाबी आणि मागे गडद अंधार. पाहणाऱ्याला वाटतं, स्टुडिओत काढला असणार. प्रत्यक्षात बऱ्याचदा ही कमाल असते मोबाईलएवढ्या, खिशात मावणाऱ्या आणि चार्जिंगवर चालणाऱ्या रंगीत लाईटची. कुणी त्याला आरजीबी लाईट म्हणतं, तर कुणी सरळ रंगीत टॉर्च.

हौसेने टॉर्च आणला जातो. चार दिवस लाल-निळं करून बघितलं जातं आणि मग तो कपाटात जाऊन पडतो. कारण फोटो काही रीलमधल्यासारखा येत नाही. चेहरा नुसताच लाल होतो, नाक-डोळे सपाट दिसतात आणि अंगावरच्या हिरव्या साडीचा रंग तर गायबच होतो.

दोष टॉर्चचा नसतो. रंगीत प्रकाश नेमकं काय करतो, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ते समजून घ्यायला कुठल्या कोर्सची गरज नाही. सातारा-सांगलीच्या मातीतल्या चार गोष्टी पुरेशा आहेत : हळद, स्ट्रॉबेरी, द्राक्षं आणि काळा दगड.

हळद-कुंकवाचा प्रयोग

एका पांढऱ्या ताटलीत चिमूटभर हळद आणि शेजारी चिमूटभर कुंकू ठेवा. खोलीतले दिवे बंद करा आणि टॉर्चचा लाल रंग लावा. हळद आणि कुंकू जवळजवळ सारखंच दिसू लागेल. आता हिरवा लावा. हळद हिरवी दिसेल आणि कुंकू काळं पडेल. निळा लावला की हळदीचं तेज जाऊन ती मळकट, काळपट होईल.

असं का होतं? हळद-कुंकवासारख्या वस्तूला स्वतःचा प्रकाश नसतो. तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग ती गिळते आणि उरलेला परत पाठवते. हळद लाल आणि हिरवा दोन्ही परत पाठवते, म्हणून पांढऱ्या उजेडात ती पिवळी दिसते. कुंकू मात्र मुख्यतः लालच परत पाठवतं. टॉर्चमधून फक्त लाल आला, तर दोघांकडे परत पाठवायला लालच उरतो. मग दोघांत फरक दिसणार कसा?

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घेतली तर हे आणखी ठसठशीत दिसतं. लाल उजेडात ती पांढऱ्या ताटलीइतकीच उजळ दिसते आणि तिचा हिरवा देठ काळा पडतो. हिरव्या उजेडात नेमकं उलटं होतं. निळ्यात तर अख्खी स्ट्रॉबेरी काळी.

म्हणजे रंगीत टॉर्च फोटोत रंग भरतो, असं आपल्याला वाटत असलं तरी तो खरं तर बाकीचे रंग काढून घेतो. त्यामुळे रंगीत लाईट लावताना पहिला प्रश्न 'कोणता रंग दाखवायचा' हा नसतो. 'कोणता रंग गेला तर चालेल' हा असतो. एवढं लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं होतं.

टॉर्चच्या आत काय असतं?

आरजीबी म्हणजे रेड, ग्रीन, ब्लू. या टॉर्चमध्ये तीन रंगांचे बारीक एलईडी शेजारी शेजारी बसवलेले असतात. कोणाला किती वीज द्यायची हे बदललं की हजारो छटा तयार होतात. लाल आणि हिरवा मिळून पिवळा, लाल आणि निळा मिळून किरमिजी आणि तिन्ही मिळून पांढरा.

ही कल्पना जुनी आहे. १८६१ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एका रंगीत रिबिनीची लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून घेतलेली तीन चित्रं एकावर एक पाडून रंगीत प्रतिमा दाखवली होती. मात्र ती खिशात यायला दीड शतक लागलं, कारण लाल आणि हिरवे एलईडी आधीच होते, पण तेजस्वी निळा एलईडी बनत नव्हता. तो १९९० च्या दशकात बनला. त्यासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. लाल, हिरवा आणि निळा मिसळून तयार झालेला पांढरा डोळ्यांना पांढरा दिसला, तरी त्यात मधल्या छटा कमी असतात. त्यामुळे कातडीचा रंग आजारी दिसतो. म्हणून चांगल्या टॉर्चमध्ये रंगीत एलईडींसोबत वेगळे पांढरे एलईडीही असतात. घेताना हे आधी तपासा. डब्यावर 'सीआरआय' असा आकडा असतो. तो ९५ किंवा त्याहून जास्त असेल तर पांढऱ्या उजेडात रंग बऱ्यापैकी खरे येतात.

टॉर्च नसला तर?

साधा पांढरा टॉर्च आणि रंगीत जिलेटिन पेपर, एवढ्यावरही काम भागतं. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' सादर केलं ते सांगलीत. म्हणूनच सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विजेचे दिवे आल्यावर रंगभूमीवर पहाट, चांदणं आणि वणवा उभा करायला दिव्यासमोरचा रंगीत जिलेटिनच कामी आला. तोही बाकीचे रंग अडवूनच काम करतो, म्हणून कागद लावला की उजेड कमी होतो. कागद तापणाऱ्या बल्बला चिकटवू नका. एलईडी टॉर्चवर तो रबरबँडने सहज बसतो.

कॅमेऱ्याला गडद लाल-निळा का झेपत नाही?

मोबाईलच्या सेन्सरवर प्रकाश टिपणारे लाखो बारीक ठिपके असतात. नेहमीच्या रचनेत त्यातले निम्मे हिरवा टिपतात, पाव लाल आणि पाव निळा. तुम्ही शुद्ध लाल लाईट लावला की प्रत्यक्षात पाव ठिपकेच कामाला लागतात आणि त्यांच्यावर प्रकाशाचा मारा होतो. बाकीचे जवळजवळ उपाशी राहतात. परिणाम असा की लाल भाग फाटतो आणि बारकावे पुसले जातात.

यावर दोन उपाय आहेत. एक, फोटो थोडा अंधाराच काढा, म्हणजे स्क्रीनवर बोट ठेवून ब्राइटनेस खाली ओढा. दोन, टॉर्चवरचं 'सॅच्युरेशन' १०० वरून ७०-८० वर आणा. रंग थोडा फिका झाला की इतर ठिपक्यांनाही काम मिळतं आणि चेहऱ्याचे उतार दिसू लागतात.

आता प्रत्यक्ष फोटो

विक्रीची वस्तू : सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आज कितीतरी घरगुती उद्योग आणि बचत गट हळद, बेदाणे, पेढे, मसाले व्हॉट्सअॅपवरून विकतात. गिऱ्हाईक हळद पारखतं ती रंगावरून. तिच्यावर नारिंगी लाईट मारला तर ती जास्त पिवळीधमक दिसेल, पण पुडी घरी पोहोचल्यावर फसवल्यासारखं वाटेल. निळा मारला तर चांगली हळद वाईट दिसेल. दोन्हीकडून तोटा तुमचाच. म्हणून वस्तूवर नेहमी पांढरा उजेड ठेवा. त्यासाठी खिडकीचा उजेडही उत्तम. रंगीत टॉर्च फक्त मागच्या भिंतीवर मारा. हळदीच्या मागे गडद निळा किंवा जांभळा आला की तिचा पिवळा आपोआप उठून दिसतो.

द्राक्षं : तासगावचा द्राक्षाचा घड समोरून उजळला तर मणी सपाट दिसतात. टॉर्च घडाच्या मागे, किंचित खाली धरा. प्रकाश मण्यातून आरपार येतो आणि आतल्या शिरा दिसू लागतात. इथे पांढरा किंवा फिकट पिवळा पुरतो, कारण रंग द्यायचं काम द्राक्ष स्वतःच करतं. टॉर्च मात्र घडाच्या आड लपला पाहिजे.

तानपुरा, तांबं-पितळ, मूर्ती : मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा भोपळा पॉलिशने इतका चमकतो की टॉर्च थेट मारला तर फोटोत एक पांढरा ठिपकाच येतो. चकचकीत वस्तूवर आपल्याला दिसतं ते दिव्याचं प्रतिबिंब. म्हणून दिवा मोठा करा. टॉर्चसमोर हातभर बटर पेपर किंवा पांढरी ओढणी धरा आणि तिच्यातून उजेड येऊ द्या. ठिपक्याच्या जागी मऊ, लांब चकाकी येते आणि भोपळ्याची गोलाई कळते.

चेहरा : चेहऱ्याच्या एका बाजूला समोरून ४५ अंशांवर पांढरा किंवा उबदार उजेड आणि दुसऱ्या बाजूने, थोडा मागून, रंगीत टॉर्च. रंग केसांच्या आणि गालाच्या कडेवरच राहतो आणि चेहरा ओळखू येतो. टॉर्च हनुवटीखाली धरला तर भुताचा सिनेमा होतो, ते हवं असेल तरच करा. आणि अंतराची ताकद ओळखा. साधारणपणे दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड पावपट होतो. टॉर्च चेहऱ्याच्या जवळ आणला आणि भिंत लांब ठेवली की मागचा अंधार आपोआप गडद होतो.

काळा दगड : साताऱ्याजवळच्या लिंब गावात अठराव्या शतकातली बारा मोटांची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधली. अशा दगडी बांधकामावर कॅमेऱ्याच्या दिशेनेच टॉर्च मारला तर भिंत सपाट पुठ्ठ्यासारखी येते. टॉर्च भिंतीला जवळपास समांतर धरा. प्रत्येक चिऱ्याची, प्रत्येक कोरीव रेषेची सावली पडते आणि दगड जिवंत होतो. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आकाश निळं असतं. त्या वेळी दगडावर फिकट नारिंगी उजेड टाकला की निळा आणि नारिंगी एकमेकांना खुलवतात. मात्र आधी गावातल्या लोकांची परवानगी घ्या. विहीर शंभर फुटांच्या आसपास खोल आहे, त्यामुळे फोटोसाठी अंधारात काठावर चढू नका.

अंधारात मोबाईलचं सेटिंग

- मोबाईल ट्रायपॉडवर किंवा विटेवर टेकवून ठेवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. बटण दाबतानाचा धक्काही फोटो हलवतो.
- 'प्रो मोड'मध्ये आयएसओ १०० ते २०० आणि शटर ८ ते १५ सेकंद ठेवा. शटर उघडं असेपर्यंत टॉर्च हळूहळू वस्तूवर फिरवा, ब्रशने रंग दिल्यासारखा. एका जागी थांबलात तर तिथे डाग पडेल.
- व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, साधारण ५००० केल्व्हिनवर पक्का करा. ऑटोमध्ये कॅमेरा तुमचा निळा-लाल रंग ही चूक समजून तो पुसायला जातो.
- फोकस आधी उजेडात लावून लॉक करा.
- गडद कपडे घाला आणि टॉर्च कॅमेऱ्याकडे वळवू नका. वळवला तर त्याची रेघ उमटते. ती मुद्दाम हवी असेल तर हवेत अक्षरंही लिहिता येतात. १९४९ मध्ये छायाचित्रकार ग्यॉन मिली यांच्या कॅमेऱ्यासमोर पाब्लो पिकासोने अशीच प्रकाशाने हवेत चित्रं काढली होती.
- व्हिडिओत आडवे काळे पट्टे दिसले तर बहुधा टॉर्च फार वेगाने लुकलुकतोय. त्याचा ब्राइटनेस वाढवून किंवा शटरचा वेग बदलून बघा.

टॉर्च कुठे बंदच ठेवायचा?

प्रकाश काय काढून घेतो हा प्रश्न फोटोपुरता नाही. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीत काजवे चमकतात. ते चमकणं म्हणजे नर-मादीने एकमेकांना दिलेली हाक असते. त्यात टॉर्चचा झोत पडला की ती हाक ऐकूच जात नाही. काजव्यांचे चांगले फोटो काढणारे टॉर्च लावतच नाहीत. शटर उघडं ठेवून काजव्यांचाच उजेड टिपतात. वाट बघायला उजेड लागलाच तर मंद लाल, तोही जमिनीकडे आणि क्षणभर. अंधाराला सरावलेले आपले डोळे लाल उजेडाने कमी दिपतात.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प होतो आणि तो सातारा, सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. तिथे वन विभागाचे नियम पाळायचे, रात्री प्राण्यांवर झोत मारायचा नाही. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या कासच्या पठारावर फुलं बघायची ती दिवसा आणि ठरलेल्या वाटेनेच. रात्रीच्या फोटोसाठी पठारावर उतरलं की पायाखाली काय तुडवलं जातंय हेही दिसत नाही.

आणि रस्त्यावर तर अजिबात नको. घाटात अचानक लुकलुकणारा लाल-निळा उजेड दिसला की गाडीवाला दचकतो, पोलिसांची गाडी समजून ब्रेक दाबतो. लहान मुलांच्या आणि जनावरांच्या डोळ्यांवर जवळून झोत मारणंही टाळा.

सुरुवात करायला या सगळ्यातलं काहीच लागत नाही. आज रात्री जेवणं झाली की स्वयंपाकघरातला दिवा बंद करा, मसाल्याचा डबा उघडा आणि एकेक रंग लावून बघा. मिरची कधी नाहीशी होते, धणे कधी उठून दिसतात, मिठाचा रंग दर वेळी का बदलतो हे डोळ्यांनी दिसेल. दहा मिनिटांत जे कळेल ते एखादा महागडा टॉर्च घेऊनही कळत नाही.