आधी पाण्याला वाट, मग फरशीचा थाट!

घराला रंग काढायचा झाला, ओसरीला फरशी घालायची झाली किंवा दारात मांडव पडायचा झाला, की आपल्याकडे पैसा कुठून तरी उभा राहतो. न्हाणीच्या नशिबी मात्र तो कधी येत नाही. परसदारी चार बांबू रोवायचे, दोन बाजूंना जुने पत्रे, एका बाजूला पोत्याचा पडदा, खाली दोन ओबडधोबड दगड. झाली न्हाणी! गडीमाणसांचे एक वेळ त्यावर भागते. ते विहिरीवर किंवा मोटारीच्या पाण्याखाली अंघोळ उरकून मोकळे होतात. पण घरातल्या बायकांना पहाटे उजाडायच्या आत, अंगावर लुगडे ठेवूनच दोन तांबे ओतून घ्यावे लागतात. आजारपण असो, बाळंतपण असो की महिन्याच्या अडचणीचे दिवस असोत, न्हाणी तीच आणि पडदाही तोच.

यंदा कापसाचे, सोयाबीनचे किंवा उसाचे चार पैसे हाती आले असतील आणि न्हाणी नीट करायचे तुमच्या मनात असेल, तर ते पहिल्याने तालुक्याच्या दुकानात नेऊ नका. तिथे चकचकीत टाइल्स मांडलेल्या असतात. त्या बघितल्या की माणसाची मती गुंग होते आणि हातातले पैसे भिंतीला चिकटतात. वर्षभराने पाहावे तर टाइल्स जागच्या जागी, पण दाराबाहेर चिखल, त्यात डुकरे, आणि शेजारच्याशी गटारावरून भांडण. आमचे म्हणणे एवढेच की पैसा थोडा असेल तर तो आधी डोळ्यांना न दिसणाऱ्या कामावर घाला. पाणी जाण्याची वाट, फरशीचा उतार आणि आतून कडी लागणारे दार, एवढे झाले की न्हाणी झाली. बाकीचे पुढच्या सुगीला.

आणि गवंडी बोलावण्याआधी घरातल्या बायकांना विचारा. न्हाणी जास्तीत जास्त त्याच वापरतात, पण मापे घेताना त्यांना कोणी विचारत नाही. त्यामुळे होते असे, की गवंडी सवयीने तीन फूट बाय तीन फुटांची खोली काढून देतो. पाय लांब करून, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या आजीबाईने त्यात बसायचे कसे? न्हाणी आतून निदान ४ फूट बाय ५ फूट हवी. लांबीची बाजू ५ फुटांची असली की बाळाची अंघोळही होते आणि म्हाताऱ्या माणसाला धरून बसवायला दुसऱ्याला जागाही राहते.

पाणी जाते कुठे?

पाच माणसांच्या घरात अंघोळ आणि धुणे मिळून रोजचे दोनशे ते तीनशे लिटर पाणी सहज बाहेर पडते. ते रस्त्यावर सोडले की त्यात क्यूलेक्स जातीचा डास वाढतो, आणि हत्तीरोग पसरवणारा डास तोच. यावर उपाय जुनाच आहे, तो म्हणजे शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे घेऊन गटारेच बंद केली आणि डास हटवले. ते पाहून इतर गावांनीही तोच रस्ता धरला.

खड्डा ४ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ४ फूट खोल घ्यावा. तळाला मोठे दगड घालावेत. त्यांवर मधोमध सिमेंटची लहान टाकी ठेवावी. टाकीच्या वरच्या अंगाला चार बाजूंनी छिद्रे हवीत. न्हाणीची नळी या टाकीत सोडायची. गाळ आणि साबणाचा साका टाकीत खाली बसतो आणि वरचे निवळ पाणी छिद्रांतून दगडांत जाऊन जमिनीत मुरते. टाकीच्या भोवती आधी मोठे दगड, मग लहान, वर खडी. टाकीवर झाकण ठेवायचे, म्हणजे डासाला आत शिरायला जागा राहत नाही आणि गाळ काढायचा तेव्हा ते उघडता येते. एवढ्या खड्ड्यात दगडांच्या फटींतच सहा-सातशे लिटर पाणी मावते, म्हणजे दोन दिवसांची बेगमी. टाकी परवडत नसेल तर तळाला भोके पाडलेले जुने मडके खडीत बसवा आणि त्यात काथ्या किंवा पेंढा भरा. केस, चिंध्या, साबण सारे त्यात अडकते. पेंढा मात्र पंधरवड्याला बदलला पाहिजे. तो आळस केला की महिन्याभरात खड्डा तुंबतो आणि मग लोक खड्ड्याला नावे ठेवतात.

आता जमिनीचे बघा. काळी माती पाणी लवकर मुरू देत नाही, उलट फुगते. तुमचे घर काळ्या रानात असेल तर चार फुटांवर थांबू नका. मुरूम लागेपर्यंत खाली जा. कोकणात जांभ्या दगडात पाणी चांगले मुरते, पण पावसाळ्यात भूजल वर येते तिथे खोल खड्डा पाण्याने भरूनच राहतो. अशा ठिकाणी खड्ड्याचा हट्ट न धरता पाणी परसातल्या केळीला, अळवाला, कर्दळीला द्यावे. पाणी एकाच जागी साचू न देता आळी बदलत राहावे. खड्डा घराच्या पायापासून सहा फूट तरी दूर हवा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा हातपंप यांपासून किमान पन्नास फूट. आणखी एक, न्हाणीचे पाणी संडासाच्या खड्ड्यात सोडू नका. मैल्याचा खड्डा पाण्याने भरला की तो कुजण्याचे काम करीत नाही आणि लवकर उपसावा लागतो. खड्ड्यासाठी काही अनुदान चालू आहे का, ते ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे. मिळाले तर उत्तम. पण त्याची वाट पाहत दोन पावसाळे घालवू नयेत. खणणे आणि दगड गोळा करणे ही कामे घरच्या माणसांच्या दोन दिवसांच्या कष्टाची आहेत.

नळी तीन इंचांच्या खाली नको. नळीच्या तोंडाशी, जाळीखाली, ट्रॅप बसवून घ्या. त्यात दोन इंच पाणी कायम उभे राहते, म्हणून बाहेरची घाण, झुरळे आणि वास आत येत नाही. दुकानात त्याला ‘नहाणी ट्रॅप’च म्हणतात. साऱ्या देशातले नळकाम करणारे हाच शब्द वापरतात. आपल्या न्हाणीने देशाला एक शब्द दिला आणि आपण मात्र ट्रॅपचे चार पैसे वाचवायला बघतो!

उतार

फरशी घातली की पाणी आपोआप वाहते असे गवंडी सांगेल. त्यावर विसंबू नका. उतार फुटाला पाव इंच लागतो, म्हणजे पाच फुटांत सव्वा इंच. फरशी खडबडीत असेल तर दीड इंच धरावा. तो तुम्ही स्वतः तपासू शकता. पाच फुटांची सरळ पट्टी भिंतीकडून जाळीकडे धरा आणि तिच्यावर पाणसळ ठेवा. पट्टी समपातळीत आली की जाळीकडच्या टोकाखाली सव्वा इंचाची फट दिसली पाहिजे. सिमेंट ओले आहे तोवर हे बघायचे. वाळल्यावर बघून फक्त भांडण होते.

खाली आधी मुरूम टाकून, पाणी मारून धुमसाने चोपून घ्या. त्यावर विटांच्या तुकड्यांचा किंवा खडीचा थर आणि वर फरशी. फरशी म्हणून शहाबादीला तोड नाही. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातला हा दगड आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. पॉलिश न केलेली घ्या. ती स्वस्तही पडते आणि ओल्या पायाखाली घसरत नाही. गुळगुळीत टाइल न्हाणीच्या जमिनीला घालू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हातारपणी मांडीचे हाड मोडले की माणूस खाटेला खिळतो आणि दवाखान्याच्या खर्चात अशा दहा न्हाण्या होतात. आजी-आजोबांसाठी भिंतीला लागून विटांचा पंधरा-सोळा इंच उंचीचा कट्टा बांधा आणि त्याच्या शेजारी एक इंची लोखंडी नळीचा तुकडा भिंतीत आरपार पक्का बसवा. धरून उठता येते. पाटावरून उठताना गुडघ्यांना काय होते ते त्यांना विचारा.

भिंती, दार आणि उजेड

जुन्या घरांच्या भिंती मातीच्या असतात. मातीवर सिमेंटचा गिलावा टिकत नाही. माती ओलीने फुगते, वाळली की आकसते, सिमेंट तसे करत नाही. मग पोपडे पडतात आणि आत अडकलेली ओल भिंत पोखरते. म्हणून मातीच्या भिंतीला टेकून न्हाणी करू नये. जागाच नसेल तर आतून साडेचार इंची विटांची वेगळी भिंत उठवावी आणि तिच्या पाठीला डांबर लावावे. विटांच्या भिंतीला सगळीकडे गिलावा लागत नाही. पाणी उडते तिथवर, म्हणजे तीन फूट उंचीपर्यंत, एकास चार या प्रमाणात गिलावा करून वर सिमेंट घोटून घेतले की पुष्कळ झाले. बाकीच्याला चुना.

छप्पर आणि दार यांत मात्र कसर करू नका. आता घरोघरी मोबाईल आले, प्रत्येक मोबाईलला कॅमेरा आला आणि गच्चीची घरेही वाढली. वर उघडी न्हाणी बायकांना नको वाटते, आणि ते बरोबरच आहे. वर पत्रा टाका. झरोका डोक्याच्या वर, फूट-दीड फुटाचा, सिमेंटच्या जाळीचा. उजेड येतो, ओल वाळते. दाराची खालची कड कुजते, म्हणून तिला आतून पत्रा मारा. कडी आतून लागली पाहिजे आणि ती लहान मुलीच्या हाताला येईल अशी एक खालीही हवी. एक कोनाडा, दोन खुंट्या आणि झाकणाचा एक डबा ठेवा. महिन्याच्या दिवसांत लागणारे कापड धुऊन उन्हात वाळवता यावे म्हणून मागच्या बाजूला आडोशाची दोरी बांधा. याची चर्चा घरात होत नाही, सोय मात्र करून ठेवता येते.

कपडे आणि भांडी आत आणू नका. धुण्याचा दगड बाहेर, त्याच नळीला जोडून घ्या.

कापसावर, द्राक्षावर, भाजीवर फवारणी करणाऱ्या घरांनी आणखी एक गोष्ट करावी. न्हाणीचे दार परसातून उघडणारे ठेवावे. फवारणी करून आलेल्या माणसाने घरात न शिरता थेट अंघोळ करावी, कपडे तिथेच काढावेत आणि ते घरच्या धुण्यात मिसळू नयेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषध नाकातोंडातूनच नव्हे, कातडीतूनही अंगात भिनते. फवाऱ्याचा पंप मात्र न्हाणीत धुऊ नका, नाही तर तेच औषध शोषखड्ड्यात आणि तिथून जमिनीत उतरेल.

गरम पाणी आणि जिवाची काळजी

बंब असेल तर तो बाहेर, ओसरीच्या टोकाला किंवा परसात ठेवावा. बंद न्हाणीत निखारे ठेवले तर कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला ना वास ना रंग. माणूस बेशुद्ध पडतो आणि कोणाला कळतही नाही. गॅसच्या गिझरचेही तेच. हल्ली तो पुष्कळ घरांत आला आहे. तो न्हाणीबाहेर भिंतीवर लावायचा आणि पाण्याची नळी फक्त आत घ्यायची. विजेचा रॉड बादलीत टाकायचा असेल तर प्लास्टिकची बादली घ्या, आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. ‘तापलंय का बघू’ म्हणून हात घातला आणि जीव गेला, असे होते. बटण न्हाणीबाहेर असावे, घराला नीट अर्थिंग असावे. शक्य झाले तर मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्या. टाइल्सचे पैसे वाचतात ते इथे खर्च करा.

न्हाणीतले पिंप किंवा हौद आठवड्यातून एकदा रिकामा करून, घासून, कोरडा करा. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

सामान किती लागेल? ४ बाय ५ च्या न्हाणीची जमीन २० चौरस फूट. तुटफूट धरून २२ चौरस फूट शहाबादी घ्या. जमीन आणि तीन फुटांचा गिलावा यांना सिमेंटची दीड ते दोन पोती पुरतात. भिंती नव्याने बांधायच्या असतील तर त्यांचा हिशेब वेगळा. जुन्या घराच्या निघालेल्या विटा, पत्रे, दाराची चौकट यांतले काय चालेल ते गवंड्याला आधी दाखवा. तो नवीन आणायला सांगेल; दोन विटा एकमेकींवर आपटून बघा, खणखणीत वाजल्या तर खुशाल वापरा. वाळूत माती नको. मूठभर वाळू काचेच्या पेल्यात पाण्यात ढवळा, थोड्या वेळाने वर मातीचा जाड थर बसला तर ती वाळू परत करा.

काम दिवाळीनंतर, सुगी उरकली की काढावे. खड्डा आधी खणावा, नळी टाकावी, मग भिंत आणि शेवटी फरशी. फरशी आणि गिलावा झाल्यावर सात दिवस तरी पोती अंथरून, सकाळ-संध्याकाळ पाणी मारून ओले ठेवायचे. घाई करून तिसऱ्या दिवशी अंघोळी सुरू केल्या की सांधे सुटतात. तेव्हा त्या आठवड्यात घरातल्यांनी अंघोळ कुठे करायची ते आधी ठरवा. जुने पत्रे आणि पडदा अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात उभे करा आणि मगच जुन्या न्हाणीला हात घाला.