‘आर’ वर्गातल्या जुन्या बॅटलशिप

रॉयल सॉव्हरिन, रॉयल ओक, रिव्हेंज, रेझोल्यूशन आणि रॅमिलीज. ब्रिटिश नौदलाच्या या पाचही बॅटलशिप पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या. रिव्हेंज आणि रॉयल ओक तर १९१६ साली जटलंडच्या लढाईतही होत्या. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा या पाचही नौकांचा उमेदीचा काळ सरला होता. क्वीन एलिझाबेथ या दुसऱ्या ब्रिटिश वर्गातल्या काही नौकांची पुनर्बांधणी झाली. ‘आर’ वर्गाच्या वाट्याला मात्र डागडुजीच आली. वेग जेमतेम २१ नॉट, तोही कागदावर. १९३९च्या ऑक्टोबरात स्कापा फ्लोच्या बंदरात नांगरलेली रॉयल ओक जर्मन पाणबुडीने बुडवली आणि आठशेहून अधिक माणसं गेली.

तरीही या नौकांना नुसतं निकामी म्हणणं अन्यायाचं ठरेल. प्रत्येकीवर १५ इंची आठ तोफा होत्या आणि एकेक गोळा पाऊण टनाहून जड. व्यापारी जहाजांचे तांडे अटलांटिक ओलांडत ते या नौकांपेक्षाही संथ, त्यामुळे तिथे वेगाची उणीव आड येत नव्हती. फेब्रुवारी १९४१मध्ये शार्नहोर्स्ट आणि ग्नायझेनाउ या नव्या, वेगवान जर्मन युद्धनौकांना असा एक तांडा आयताच सापडला. पण त्याच्यासोबत रॅमिलीज दिसली. बलाढ्य युद्धनौकांशी झुंज टाळा, असा जर्मन ताफ्याला वरून हुकूम होता. अ‍ॅडमिरल ल्युट्येन्स मागे फिरले. एकही गोळा न झाडता म्हाताऱ्या नौकेने तांडा वाचवला. माझ्या लेखी या वर्गाची खरी कामगिरी हीच.

हिंदी महासागरात मात्र हा हिशेब चालणार नव्हता. या नौकांना पूर्वेकडे पाठवण्याचा प्रस्ताव १९४१मध्ये आला, तेव्हाच चर्चिल यांनी त्यांना ‘तरंगत्या शवपेट्या’ म्हटलं होतं. तरी १९४२च्या एप्रिलमध्ये उरलेल्या चारही अ‍ॅडमिरल सॉमरव्हिल यांच्या ताफ्यात होत्या. समोर जपानी सेनानी नागुमोंच्या विमानवाहू नौका. त्यांच्या विमानांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले केले, ब्रिटिश विमानवाहू नौका हर्मिस बुडवली. जिथे तोफेच्या टप्प्यापलीकडून विमानं येतात, तिथे १५ इंची तोफांचा धाक कुणाला? सॉमरव्हिल यांनी दिवसा शत्रूच्या विमानांच्या टप्प्याबाहेर राहून रात्री गाठ घालायचा बेत केला होता. गाठ पडलीच नाही. त्यांनी वेगवान नौका मुंबईकडे नेल्या आणि या चौघींना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर किलिंदिनीला धाडलं. हा निर्णय मानहानीचा वाटला असेल, पण हजारो खलाशांचे जीव त्यामुळे वाचले असावेत.

मे महिन्याच्या अखेरीस मादागास्करच्या दिएगो सुआरेझ बंदरात जपानच्या एका छोट्या पाणबुडीने रॅमिलीजला टॉर्पेडो मारला. दुरुस्त होऊन ती पुन्हा उभी राहिली. ६ जून १९४४ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यासमोर तिच्या तोफा धडाडल्या आणि पुढच्या काही दिवसांत तिने हजाराच्या आसपास गोळे डागले. इथे किनारा हलणारा नव्हता, पळणारा शत्रू नव्हता; लागत होती ती फक्त तोफेची ताकद. नळ्या झिजल्यावर त्या बदलून घेतल्या आणि ऑगस्टमध्ये ती दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यासमोर पुन्हा मारा करत होती. रॉयल सॉव्हरिन तोवर सोव्हिएत नौदलाला उसनी दिली गेली होती. तिचं नाव तिथे ‘अर्खांगेल्स्क’ झालं आणि १९४९मध्ये ती परत आली ती भंगारासाठीच.