मोटार आपली, रस्ता सर्वांचा

तिरुवैयारु येथे चित्तिरै महिन्यातील सप्तस्थान उत्सवात अय्यारप्परांची पालखी परिसरातील शिवमंदिरांच्या भेटीस निघते. तिला मोकळा रस्ता लागतो. दाराशी मोटार उभी करणे हा हक्क मानणाऱ्या आपल्या देशात असा मोकळेपणा बहुधा उत्सवापुरताच लाभतो.

जपानी मोटारसंस्कृतीच्या ओढीने योकोहामाच्या दाइकोकू वाहनतळावर जाणारा परदेशी शौकीन सजवलेल्या मोटारी पाहून हरखतो. खरे नवल मात्र निवासी गल्लीत आहे. तेथे रस्त्याकडेला रात्रभर मोटारी ठेवलेल्या सहसा दिसत नाहीत. यामागे 1962 चा कायदा आहे. घरापासून दोन किलोमीटरांच्या आत मोटार ठेवण्याची जागा असल्याचे पोलिसांचे प्रमाणपत्र नोंदणीपूर्वी घ्यावे लागते. रात्री रस्त्यावर एकाच जागी आठ तासांहून अधिक काळ वाहन ठेवल्यास शिक्षा होऊ शकते. लहान ‘केई’ मोटारींना काही ग्रामीण भागांत सवलत आहे.

महाराष्ट्रात 2025 मध्ये परिवहनमंत्र्यांनी अशाच अटीचा मनोदय व्यक्त केला. मात्र जागेची प्रत्यक्ष तपासणी झाली नाही, तर हे प्रमाणपत्रही आपल्या अनेक दाखल्यांप्रमाणे केवळ कागद ठरेल. मोटारीची हौस खासगी असते. तिच्या जागेचा भार पालखीच्या आणि पादचाऱ्याच्या वाटेवर पडू नये.